आईचं घर रिकामं करायचंय, सामान स्टोरेजमध्ये ठेवायचंय: युनिटच्या मापाआधी मुदत ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई जाऊन दीड महिना झालाय, त्यांचं दोन बेडरूमचं भाड्याचं घर पाच आठवड्यांत रिकामं करून द्यायचंय, तुमच्या घरात जागा नाही, भाऊ परदेशात आहे आणि तो आठ-नऊ महिन्यांनी आला की दोघं बसून काय ठेवायचं काय द्यायचं ते ठरवणार. तोवर सगळं सेल्फ स्टोरेजमध्ये, म्हणजे सामानासाठी महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या बंद खोलीत (तिलाच युनिट म्हणतात), टाकायचं तर १०×१० फुटाचं युनिट पुरेल की १०×१५ घ्यावं, आणि क्लायमेट कंट्रोलसाठी, म्हणजे आतली उष्णता आणि ओल आटोक्यात ठेवण्यासाठी, जास्तीचे पैसे मोजावेत का, असं विचारलंय. आधी हे सांगते की आईबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. अशा वेळी घर आवरणं हे काम नसतं नुसतं, प्रत्येक खण उघडताना थांबायला होतं, आणि तरी तारीख डोक्यावर असतेच.

मी चौदा वर्षं याच कामात आहे, पहिली सहा सामान हलवणाऱ्या टीमबरोबर आणि त्यानंतर एका स्टोरेजच्या जागेची व्यवस्था बघते, त्यामुळे सामान आत जातानाही बघितलंय आणि दोन-तीन वर्षांनी बाहेर येतानाही.

मापाचं लगेच सांगून टाकते. दोन बेडरूमचं घर, नीट सुटं करून आणि उंचीपर्यंत रचलं तर बहुतेक वेळा १०×१० मध्ये बसतं. फर्निचर जड लाकडाचं असेल आणि सुटं होत नसेल, किंवा मधेमधे जाऊन काही काढायचं असेल तर १०×१५. छत ८ फूट धरलं तर १०×१० म्हणजे ८०० घनफूट होतात, पण मधे चालायला वाट आणि भिंतीपासून अंतर सोडलं की मी ५५०-६०० च धरते. जाहिरातीतली चित्रं पार छतापर्यंत ठासून भरलेली असतात, तसं भरलं की मागचा एक खोका काढायला अर्धं युनिट बाहेर मांडावं लागतं.

पण मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न मुदतीचा आहे. युनिट घेताना तुम्ही निर्णय पुढे ढकलायला वेळ विकत घेताय, आणि त्यात काहीच चूक नाही, दुःखात घाईने वस्तू देऊन टाकलेल्या आणि नंतर त्यासाठी रडलेल्या लोकांना मी भेटलेय. फक्त तो वेळ कुठे संपतो ते आजच ठरलेलं हवं. माझ्याकडे 'सहाच महिने' म्हणून आलेली कितीतरी कुटुंबं दुसऱ्या वर्षीही भाडं भरत होती, कारण भाडं महिन्याला थोडं थोडं जातं, ते टोचत नाही, आणि सामान डोळ्यासमोर नसतं. म्हणून भावाला आजच फोन करून एक तारीख पक्की करा, तो आल्यावर दुसऱ्या आठवड्याचा शनिवार म्हणा हवं तर, आणि ती दोघांच्या कॅलेंडरवर टाका. त्याचं येणं पुढे गेलं तर व्हिडिओ कॉलवर ठरवायचं, हेही आत्ताच बोलून घ्या.

मुदत कळली की काय ठेवायचं ते सोपं होतं. एक हिशोब मी सगळ्यांना करायला सांगते. समजा १०×१० मध्ये म्हणजे १०० चौरस फुटांत तुमचा सोफा २० चौरस फूट खातोय, त्याच्यावर फारसं काही रचता येत नाही, म्हणजे भाड्याचा पाचवा हिस्सा एकटा सोफा खातो. आता तसाच जुना सोफा आज केवढ्याला जाईल ते बघा आणि त्याला भाड्याच्या पाचव्या हिश्श्याने भागा. उत्तर जर सात आलं तर सात महिन्यांनंतर तुम्ही त्या सोफ्याची किंमत परत एकदा भरायला सुरुवात करताय. आईच्या बसण्याची तीच जागा असेल तर ठेवा, मी अडवणार नाही, पण 'चांगला आहे म्हणून' ठेवत असाल तर तो आधी जाऊ दे. मोठ्या आकाराच्या, सहज परत मिळणाऱ्या वस्तू गेल्या की १०×१५ चं १०×१० होतं, कधीकधी ५×१० पण पुरतं. उलट पत्रं, फोटो, हाताने केलेल्या वस्तू, आईचं शिवणयंत्र, यांना जागा किती लागते, काहीच नाही, ती चार-सहा खोक्यांची गोष्ट आहे आणि त्या खोक्यांना युनिटची गरजच नाही, ते तुमच्याच घरात पलंगाखाली ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी लोकांना बोलायला अवघड जाते. सामान आईचं होतं, आता ते तुमच्या दोघांचं आहे आणि मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय तसं आहे. त्यामुळे मोठ्या वस्तू विकण्याआधी भावाचा होकार लेखी घ्या, मेसेजवर चालेल. करार तुमच्या नावावर असला तरी दुसरं अधिकृत नाव म्हणून भावाचं घाला. ज्या घरांत आधीच ताण आहे, घटस्फोट चालू आहे किंवा वाटण्या राहिल्यात, तिथे मी दोन कुलपं लावायला सांगते, एकेकाकडे एकेक किल्ली, म्हणजे एकटं कुणी उघडू शकत नाही. तुमच्याकडे तसं काही वाटत नाहीये, पण यादी मात्र दोघांकडे असू द्या.

आता क्लायमेट कंट्रोल. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सामान खराब होतं ते बहुतेक ओलीने, चोरीने फार कमी. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीला सहसा वाव मिळत नाही, ७० च्या वर बरेच दिवस राहिली की कापड, चामडं, पुस्तकांच्या पाठी, लाकडाची मागची बाजू, इथून सुरुवात होते. आणि ओल म्हणजे गळती असं नाही. दिवसा युनिटमधली हवा ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर त्या हवेतलं पाणी साधारण २१ अंशाला सुटायला लागतं. रात्री पत्र्याची भिंत तेवढी थंड झाली की तिच्यावर थेंब धरतात, गार बाटली बाहेर काढल्यावर धरतात तसे, आणि भिंतीला टेकलेली गादी ते पिते. छत कोरडं, जमीन कोरडी, आणि गादीच्या पाठीवर काळे ठिपके. लोखंडी कंटेनर उन्हात उघड्यावर ठेवलेले असतात त्यांत तर हे जास्त होतं, रात्री छतावरून थेंब अक्षरशः खाली पडतात.

माझं स्वतःचं सांगते. वडील गेल्यावर त्यांची पुस्तकं मी एका तळमजल्याच्या युनिटमध्ये ठेवली होती, तेव्हा मी या बाजूला काम करत नव्हते, नुसती सामान हलवत होते. पुठ्ठ्याचे खोके, सरळ काँक्रीटवर, वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळलेला, मला वाटलं होतं मी फार काळजी घेतलीय. चौदा महिन्यांनी उघडलं तर वरचे खोके ठीक आणि सगळ्यात खालच्या रांगेचे तळ हाताला लिबलिबीत. काँक्रीट जमिनीतली ओल वर ओढतं, ती पुठ्ठ्यात गेली आणि प्लास्टिकने तिला बाहेर पडू दिलं नाही. त्यांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं एक पुस्तक होतं, त्याची पानं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. ती वीट अजून माझ्याकडे आहे, उघडत नाही. त्यानंतर मी प्रत्येकाला जमिनीपासून चार बोटं तरी वर उचला म्हणून सांगते, लाकडी पॅलेट टाका किंवा प्लास्टिकची, आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. लाकूड आणि कापड झाकायचं ते सुती चादरीने. प्लास्टिकचा स्ट्रेच रॅप हलवताना लावा, पोचल्यावर त्याच दिवशी फाडून टाका.

मग क्लायमेट कंट्रोल घ्यायचं का? तीन गोष्टींवर ठरतं: किती महिने, त्यात दमट महिने येतात का, आणि आत काय आहे. स्टील, काच, भांडी, प्लास्टिक, आणि मुदत चार-पाच कोरड्या महिन्यांची, तर साधं युनिट चालतं. तुमच्या यादीत लाकडी कपाट, गाद्या, पुस्तकं, टीव्ही आहे आणि आठ-नऊ महिन्यांत एक तरी दमट हंगाम येणार, म्हणून मी तुमच्या जागी असते तर घेतलं असतं, पण युनिट लहान करून. म्हणजे सामान कमी करा आणि वाचलेलं भाडं कोरड्या हवेवर घाला. एक मात्र विचारा, की 'कंट्रोल' म्हणजे नक्की काय. पुष्कळ ठिकाणी फक्त तापमान आटोक्यात ठेवतात, आर्द्रता कुणी बघत नाही. मीटरवर आज आकडा किती आहे आणि गेल्या दमट महिन्यात किती होता असं सरळ विचारायचं. आकडा नसेल तर एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, ज्यात सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा साठतो तो, युनिटमध्ये ठेवून आठवड्याने बघा. कुठलीही बरी जागा याला नाही म्हणत नाही.

ओल शोषायला सिलिका जेल बंद डब्यांसाठी चांगलं, फोटो, कॅमेरा वगैरे, ते गरम करून परत वापरता येतं. पूर्ण युनिटसाठी लोक कॅल्शियम क्लोराईडचे डबे ठेवतात, त्यात पाणी जमतं आणि ते खारट पाणी सांडलं तर धातू खातं, म्हणून ठेवलेत तर खोल ट्रेमध्ये ठेवा आणि दर महिन्याला जाऊन बघा. जाणार नसाल तर ठेवूच नका.

वस्तूंचं भराभर सांगते. फ्रीज सामान हलायच्या दोन दिवस आधी बंद करून, पुसून, दार उघडं ठेवून पूर्ण वाळवा, आणि युनिटमध्येही दारात काहीतरी अडकवून फट ठेवा, बंद दाराच्या फ्रीजचा वास नंतर जात नाही. उभाच न्या. आडवा न्यावा लागला तर नंतर लगेच चालू करू नका, जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा राहू दे म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल खाली बसतं. वॉशिंग मशीनच्या पाइपात आणि फिल्टरमध्ये पाणी राहतं ते काढा. फोमची गादी उभी ठेवली की काही महिन्यांत बसते, ती आडवीच, आणि तिच्यावर खोके नाहीत. आरसे आणि काचा मात्र उभ्या, ताटल्या खोक्यात कडेवर उभ्या. पुस्तकांचे खोके लहान घ्या, १५-२० किलोच्या वर जाऊ देऊ नका, तळ तुटतो आणि उचलणाऱ्याची पाठ जाते. आईच्या शिवणयंत्राला तेलाचा हात द्या. रिमोट, घड्याळं, टॉर्च, सगळ्यांतले सेल काढा, राहिले तर फुटून आतला पत्रा खातात. लॅपटॉप, पॉवरबँक असलं लिथियम बॅटरीचं काही युनिटमध्ये ठेवूच नका, घरी अर्ध्या चार्जवर ठेवा. गॅस सिलिंडर, पेट्रोल, रंग, थिनर कुठेच घेत नाहीत आणि घेऊ नयेत. खाण्याचं काहीही नको, एक बिस्किटाचा पुडा पूर्ण मजल्यावर उंदीर आणतो.

डांबरगोळ्यांबद्दल एक, कारण कपड्यांच्या ट्रंका आहेत म्हणालात. नॅफ्थलीनच्या गोळ्या आणि दुसऱ्या प्रकारच्या, पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या गोळ्या एकत्र कधी टाकू नका, दोन्ही मिळून विरघळतात आणि कपड्यावर तेलकट डाग पडतात. आईने आधीच टाकलेल्या कुठल्या होत्या माहीत नसेल तर त्या काढा आणि नव्या एकाच प्रकारच्या घाला, त्याही कपड्याला न लागतील अशा पुरचुंडीत. त्याआधी कपडे धुऊन पूर्ण वाळलेले हवेत, कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर आधी येते.

जागा बघायला जाल तेव्हा ऑफिसमध्ये बसून दर ऐकू नका, आधी तुम्हाला मिळणार तेच युनिट उघडून मागा. शटर वर जाताच पहिला श्वास घ्या, कुबट वास आला तर पुढचं काही बघायची गरज नाही. मग आत उभं राहून शटर खाली ओढायला सांगा आणि अंधारात बघा उजेड कुठून येतो, जिथून उजेड तिथून पाणी, धूळ आणि झुरळं. खालच्या कोपऱ्यात पांढरी पावडर धरलेली दिसली तर ती ओलीची खूण. शक्य असेल तर पाऊस पडत असताना किंवा पडून गेल्यावर लगेच जा. तळमजला सोयीचा पण पाणी भरायची भीती तिथे, वरचा मजला घेतलात तर लिफ्टचं आतलं माप मोजा, दाराचंही. गाडी कुठवर येते, तिथून युनिट किती पावलांवर, ट्रॉली मिळते का, हेही चालत जाऊन बघा, पाच आठवड्यांनी हमाल तासावर पैसे घेणार आहेत.

काही ठिकाणी सेल्फ स्टोरेज म्हणतात पण किल्ली तुमच्याकडे नसते, ते लोक सामान उचलून नेतात, गोदामात ठेवतात आणि मागितलं की दोन-तीन दिवसांनी आणून देतात. ते वाईट नाही, तुम्ही मधे जाणार नसाल तर स्वस्तही पडतं. फक्त प्रत्येक वेळी काढण्याचे पैसे वेगळे असतात आणि भाऊ आल्यावर दोघांनी तिथे उभं राहून वस्तू बघायच्यात, ते जमेल का विचारा. तुमच्यासाठी मला स्वतःच्या कुलपाचं युनिट बरं वाटतं.

आता करार, हे कृपया झोपेत सही करू नका. पुष्कळदा पहिले काही महिने सवलतीचा दर असतो, त्यानंतर किती, आणि वर्षाच्या आत भाडं वाढवू शकतात का, किती दिवसांच्या नोटिसीने, ते लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे सोडता न येणारी किमान मुदत, किती, सोडताना नोटीस किती दिवसांची, महिन्याच्या मधे सोडलं तर उरलेले पैसे परत येतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाडं थकलं तर काय. बहुतेक करारांत थकबाकीच्या बदल्यात सामान अडकवून ठेवायचा आणि शेवटी विकायचा हक्क जागेच्या मालकाकडे असतो. मी ओळखत असलेल्या एका बाईंचं असंच झालं, जागा दुसऱ्याच कुणाची होती. त्यांचं कार्ड मुदत संपून बदललं, आपोआप जाणारं भाडं जायचं थांबलं, आणि नोटिसा गेल्या त्याच रिकाम्या केलेल्या घराच्या पत्त्यावर, कारण फॉर्मवर तोच पत्ता होता! साडेतीन महिन्यांनी त्या गेल्या तर कुलूप बदललेलं. सामान वाचलं, दंडासकट सगळं भरून, पण त्या शटरसमोर उभ्या राहून थरथरत होत्या. म्हणून आईच्या घराचा पत्ता फॉर्मवर नको, तुमचा घाला, ईमेल आणि फोन दोन द्या, दुसरा भावाचा, आणि कार्डाची मुदत या नऊ महिन्यांत संपतेय का ते आजच बघा.

विमा वेगळा विचारा. जागेच्या मालकाची जबाबदारी करारात एका छोट्या रकमेपुरती असते किंवा नसतेच. तुमच्या घराच्या विम्यात घराबाहेर ठेवलेलं सामान धरतात का ते कंपनीला लेखी विचारा, कधीकधी थोडा टक्का धरतात. बुरशी, कसर, उंदीर यांची भरपाई बहुतेक पॉलिसींत नसते, पुराचंही बघून घ्या, म्हणजे परत ओलीवरच आलो, ती तुम्हालाच सांभाळायची आहे. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रं, मृत्युपत्र, यातलं काही युनिटमध्ये जाता कामा नये.

सामान भरायच्या दिवशी प्रत्येक खोक्यावर नंबर, झाकणावर नको, दोन बाजूंना, आणि वहीत नंबरपुढे आत काय. खोका बंद करायच्या आधी आतला एक फोटो. हे फोटो विम्याला लागतात, आणि भावाला तिकडे बसून बघता येतात, म्हणजे अर्धे निर्णय तो यायच्या आधीच होतील. ज्या वस्तू दोघांनी मिळून बघायच्यात त्या दारापाशी, नक्की ठेवायच्या त्या मागे, मधे माणूस आडवा जाईल एवढी वाट. आत गेल्यावर पहिल्या महिन्यात एकदा जा, हात फिरवून बघा, वास घ्या, नंतर दोन महिन्यांतून एकदा पुरे.

त्या मोठ्या लाकडी कपाटाबद्दल तुम्ही लिहिलंय की ते आजोबांच्या वेळचं आहे आणि दाराच्या बाहेर कसं काढायचं कळत नाहीये. त्याची उंची, रुंदी, खोली मोजून लिहा आणि पाठीमागच्या फळीचा एक फोटो टाका. जुनी कपाटं पुष्कळदा खिळ्यांऐवजी पाचरींवर बसवलेली असतात आणि उघडतात, पण कुठून सुरुवात करायची ते पाठ बघितल्याशिवाय सांगणार नाही, तोवर कुणालाही त्याला हातोडी लावू देऊ नका.